कलम चौथे

अल्ताफभाईंना एकाच मजकुराच्या दोन प्रती हव्यात.
"नावं तेवढी बदला, वकीलबाई.
एक दस्तगीरचाचा, एक सुदीप.
परदेशातल्या गिऱ्हाइकाला कागद पाहिजेत,
सगळे कसे, स्वतंत्र कंत्राटदार."
पाचशेचे दोन स्टॅम्प टेबलावर.
दोन्हींना लाखेचा वास.

मिरज कोर्टासमोरच्या माझ्या ऑफिसात
चौथा माणूस आला की दार उघडं ठेवावं लागतं.

कलम चौथे मी नेहमी मोठ्याने वाचते:
'कामाची पद्धत, वेळ व साधने
कंत्राटदार स्वतः ठरवील.
उभय पक्षांत मालक-नोकराचे नाते
नाही, नव्हते व असणार नाही.'
शेवटची ओळ माझ्या सिनिअरांची, खणखणीत.
तिच्यात 'नव्हते' कशाला,
हे मी त्यांना कधी विचारलं नाही.

दस्तगीरचाचांना विचारलं, कानस कुणाची?
त्यांनी आतल्या खिशातून काढून दाखवली,
फडक्यात गुंडाळलेली, मुठीशी झिजलेली.
येता कधी?
"कान साफ असला की."
गल्लीतल्या तीन दुकानांच्या जवाऱ्या काढतात,
दर घोडीमागे दर, रोख.
एकदा अल्ताफभाई म्हणाले, जरा उघडी ठेवा,
तर घोडी तशीच टाकून घरी गेले,
चार दिवस फिरकले नाहीत.
मी लिहिलं: नियंत्रण नाही.
अल्ताफभाई हसले,
"ते तर अब्बांच्या वेळेपासून नाही."

मग सुदीप ऐवळे.
बस म्हटलं, तर आधी अल्ताफभाईंकडं बघितलं.
ते बघणं मी टिपून घेतलं.
कायद्यात त्याला नाव आहे, भलं लांब.
कानस?
"दुकानातली."
येतोस कधी?
"साडेनऊ. शटरची किल्ली माझ्याकडंच असतीय."
उशीर झाला तर?
गप्प.
दुसऱ्या दुकानात काम करतोस?
आता तो घाबरलाच,
जणू मी गल्ल्यातल्या पैशांबद्दल विचारलं.

"पोरगा घरचाच आहे," अल्ताफभाई मध्येच,
"डेंगू झाला तेव्हा मिशनला मीच नेला.
पंधरा दिवस पडून होता, पगार कापला का?"
खरं होतं ते.
मी पेनाला टोपण लावलं.
म्हटलं, भाई, हेच उद्या साक्षीत सांगाल,
अभिमानानं सांगाल,
आणि माझं चौथं कलम तिथं उभं राहील
तार नसलेल्या खुंटीसारखं.

ते हिशेब करत बसले.
रजा, सुट्टी, पगारपावती,
बोटांच्या पेरांवर, मग परत पहिल्या पेरावर.
खालचं झेरॉक्स मशीन दोनदा अडकलं.
"गिऱ्हाईक काय म्हणंल?"
गिऱ्हाईक सतार वाजवेल, मी म्हटलं.

सुदीपचा स्टॅम्प परत दिला,
नेमणूकपत्राला लागत नाही.
साध्या कागदावर नाव, हुद्दा, पगार.
मग रुजू दिनांक.
"आजचीच टाका," अल्ताफभाई.
मी सुदीपकडं बघितलं.

त्याला तारीख आठवेना.
आठवलं ते असं:
कृष्णाघाटच्या गोदामात पाणी शिरलेलं,
ते उतरल्यावर भोपळे उन्हात मांडलेले,
सडके एकीकडं, वाचलेले एकीकडं,
आणि भिंतीवर छातीएवढ्या उंचीला चिखलाचा पट्टा.
"तो मी खरवडला. पहिलं काम तेच."

दस्तगीरचाचा कानस गुंडाळत होते.
मान वर न करता म्हणाले,
"एकोणीस साल. ऑगस्ट. तेवीस तारीख, जुम्मा.
नमाजाला जाताना बघितला मी ह्याला.
उलथनं घेऊन खरवडत होता, येडा."

अल्ताफभाई खुर्चीत हलले.
नाही म्हणाले नाहीत.

मी तारीख लिहिली.
मग चाचांच्या करारात मागं जाऊन
'नव्हते' खोडायला पेन टेकवलं,
आणि उचललं.
त्यांच्या बाबतीत ते खरंच नव्हतं.

फी अल्ताफभाईंनी एकाच कागदाची दिली.